लोकरीचा ठिपका

बायकोला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मुलगी आली, दारातच थांबली आणि पुढे वाकून तिने माझ्या शर्टाचा वास घेतला.

"बाबा, हा शर्ट कधीपासून अंगात आहे?"

"सोमवारपासून."

"कुठल्या सोमवारपासून?"

चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की उगाच सगळी बटणं दाबायची नसतात, एवढं मला कळतं.

ती आत शिरली आणि सरळ बाथरूमकडे गेली. तिथे कपड्यांचा ढीग नळाच्या उंचीपर्यंत आला होता. तो बघून ती जे बोलायला आली होती ते बोलली. तिच्या घरातली मागची खोली रिकामी केली आहे, जावयाने स्वतः भिंतींना रंग दिला आहे, मी आता तिच्याकडे राहायला जायचं. पाहुणा म्हणून नव्हे, कायमचं.

मला जायचं नव्हतं. कारण साधं होतं. तिच्या घरात बायको कधी राहिलीच नव्हती, तेव्हा तिथे ती नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे मला रोज कळत होतं ती नेमकी कुठे नाही ते. ओट्याशी नाही, खिडकीत नाही, पलंगाच्या डाव्या बाजूला नाही. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटत होतं. पण हे बोललो असतो तर दोघंही रडत बसलो असतो. म्हणून म्हणालो, "तुमच्या इमारतीची लिफ्ट मला पसंत नाही. आवाज ऐकलास तिचा?"

"लिफ्टमध्ये राहायचं नाहीये तुम्हाला."

बरीच हुज्जत झाली. शेवटी तिने एक महिना दिला. महिन्यानंतरच्या रविवारी ती येणार. तोवर माझे कपडे, चादरी, पडदे, सगळं मी स्वतः धुतलेलं दिसलं पाहिजे. लाँड्रीत द्यायचं नाही, शेजारणीच्या गळ्यात घालायचं नाही. शिवाय तिच्यासमोर एकदा धुऊन दाखवायचं. जमलं तर राहा इथे. नाही जमलं तर बॅग भरायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"कशात धुणार पण?" तिने विचारलं.

मी बाथरूमच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे आमचं मशीन उभं होतं, वर औषधांची खोकी.

एकोणीस दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "हे? बाबा, हे मेलंय."

"उठवतो."

"नवीन घेऊ ना. मी पाठवते."

"नवीन मशीन कोणीही चालवेल."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. मला वाटलं, बापाची कीव आली असेल.

मशीन एकतीस वर्षांचं होतं. समोर गोल काचेचं दार, वर एक मोठं गोल बटण, बटणाभोवती पत्र्यावर एक ते आठ आकडे छापलेले. हवा तो आकडा लावायचा, बटण बाहेर ओढायचं की ते आपलं आपण टिकटिक करत पुढे सरकतं. पाणी घेतं, तापवतं, घुसळतं, पिळतं आणि बंद पडतं. आमच्या जिन्यातलं हे पहिलं स्वयंचलित मशीन. बायकोने एकतीस वर्षं ते एकटीने चालवलं. मी फक्त एकदा हात लावला होता, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा बटण दांड्यावरून सुटून पडायला लागलं होतं. मी त्याला आरपार भोक पाडून स्क्रूने आवळून टाकलं. ते पुन्हा कधी सुटलं नाही. पण त्यानंतर बायकोने मला मशीनजवळ फिरकू दिलं नाही. "तुम्ही दमून येता," म्हणायची. मला वाटायचं, किती जपते.

ती आजारी पडली त्याच्या थोडं आधी मशीनचं बेअरिंग गेलं. पिळायला लागलं की छतावर हेलिकॉप्टर उतरतंय असं वाटायचं. मग पट्टा तुटला. मग दवाखाने सुरू झाले आणि मशीनकडे कोण बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बाहेर ओढायला गेलो आणि कंबर धरली. हलेना. आत तळाशी आणि डोक्यावर सिमेंटचे ठोकळे बसवलेले असतात, मशीनने नाचू नये म्हणून. लिफ्टलाही वजन असतं, पण ते आपल्याला उचलावं लागत नाही. शेवटी ओल्या साबणाच्या फरशीवरून ते ढकलत ढकलत बाहेरच्या खोलीत आणलं आणि महिनाभर तिथेच ठेवलं. टीव्हीच्या समोर. टीव्हीवर त्यापेक्षा बरं काही नव्हतंच.

पाठचा पत्रा काढला. ऐकलेल्या गोष्टींमध्ये अशा वेळी मशीनच्या पोटात बायकोची हरवलेली अंगठी सापडते. मला चार मोजे सापडले, चारही वेगवेगळे. हे चारही मी हरवले म्हणून मला त्या त्या वेळी ऐकून घ्यावं लागलं होतं. मी मोजे उंच धरले आणि छताकडे बघून म्हणालो, "हे बघ. कोणी हरवले?" उलट उत्तर आलं नाही. आमच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

बेअरिंग बाजारात नवं मिळालं. पट्टाही मिळाला. मोटारला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते, नवे घासून बसवले. हीटरवर बोटभर जाड क्षार चढला होता. तो काढायला व्हिनेगर लागलं आणि घराला चार दिवस लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता. पण दाराचं रबर आणि ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा आधार, या दोन गोष्टी आता कुठे बनत नाहीत. त्यासाठी भंगारवाल्याकडे जावं लागलं.

त्याला सगळे सर्जन म्हणतात. शेडमध्ये जुन्या मशीनच्या रांगा लावून तो मधून फेऱ्या मारत असतो. मी मॉडेल सांगितलं.

"नशीब काढलंत काका," तो म्हणाला. "परवाच एक दगावलं. मोटार जळाली, पण बाकीचे अवयव ठणठणीत."

रबर आणि आधार त्याने काढून दिला. मी सोबत आणलेलं बटणही दाखवलं, कारण त्याला तडा गेला होता. त्याने ते डोळ्याजवळ धरलं, आरपार भोक बघितलं, स्क्रू बघितला.

"हे कुठल्या गाढवाने केलंय?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "आधीपासूनच आहे."

"मूळ बटणाच्या आत खाच असते. ते एकाच बाजूने बसतं, चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. यातली खाचच उडालीय. हे कसंही बसेल." त्याने माझं बटण ढिगावर भिरकावलं आणि त्या दगावलेल्या मशीनचं काढून माझ्या हातावर ठेवलं. घरी येऊन लावलं. टक्कन बसलं.

बटणाभोवतीचा पत्रा पुसताना मला तिथे नेलपॉलिशचे ठिपके दिसले. एक आकड्याजवळ गुलाबी, पाचजवळ लाल, इकडेतिकडे आणखी तीनचार. नखं रंगवताना सांडलं असेल असं वाटलं. माझ्या बायकोने आयुष्यात कधी नखं रंगवली नव्हती, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. थिनरचा बोळा हातात होता. पुसणार होतो, पण तिचं सांडलेलं म्हणून ठेवलं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा खालून पाणी आलं. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं आणि पिळताना मशीन चालत चालत दारापर्यंत गेलं, जणू त्यालाही इथे राहायचं नव्हतं. पाय समपातळीत आणल्यावर शांत झालं. मग माझं धुणं शिकणं सुरू झालं. लिफ्टमध्ये आठ माणसं लिहिलेलं असलं तरी बारा चढणार हे धरूनच आम्ही काम करायचो. मशीनच्या पुस्तिकेत पाच किलो लिहिलं होतं, मी आठ कोंबले. कपडे आत जसे गेले तसेच कोरडे बाहेर आले, मधले तरी. पावडरच्या डब्यावर एक माप लिहिलं होतं. मळ जास्त होता म्हणून मी चार टाकली. फेस गुडघ्यापर्यंत आला. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन दारात उभी राहिली, फेसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "काही नाही, सहज आले होते," म्हणून निघून गेली. दुखवट्यातल्या माणसाला लोक फार सांभाळून घेतात.

पण चौथ्या आठवड्यात मी तयार झालो होतो. पुस्तिका पाठ होती. एकवर पांढरे कपडे, कडकडीत पाण्यात. तीनवर रंगीत. पाचवर लोकर, थंड पाण्यात, हलक्या हाताने. ढीग संपला. पडदे धुतले तेव्हा ते मुळात पिवळे नसल्याचं कळलं.

रविवारी मुलगी आली. शर्टाचा वास घेतला. कपाट उघडून चादरी हुंगल्या. पडदे बघून जरा वेळ उभी राहिली.

"आता समोर धुवायचं," मी म्हणालो. माझी छाती फुगली होती हे कबूल करतो.

तिने पिशवीतून एक राखाडी स्वेटर काढला. "पांढरे कपडे कोणीही धुईल. हा नवऱ्याचा. सासूबाईंनी दोन हिवाळे बसून विणलाय. दर वर्षी मी इथेच आणायचे, आई याच मशीनमध्ये धुऊन द्यायची. हा नीट निघाला की झालं. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि नाही निघाला तर?"

"तर बॅग. आणि सासूबाईंना तोंड दाखवायचं वेगळंच."

मी स्वेटर उलटा करून आत टाकला. पावडर नाही, लोकरीचा पातळ साबण, अर्धं झाकण. बटण पाचवर आणलं, ओढलं. पाणी सुरू झालं. तिच्याकडे बघितलं तर ती बटणाकडे बघत होती, चेहरा पडलेला. घाबरली असेल म्हणून मी म्हणालो, "चहा टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेलो.

चहा झाल्यावर तिने मला बाजारात नेलं. भाजी निवडता येते का, हेही तिला बघायचं होतं. मी टोमॅटो दाबून बघत होतो, भाजीवाला माझ्याकडे रागाने बघत होता, आणि ती त्या दिवशी कधी नव्हे इतकी खुशीत होती. दीड तासाने परत आलो तेव्हा मशीन थांबलं होतं आणि बटणाची टिकटिक बंद होती.

मी काचेला हात लावला. चटका बसला.

लोकरीच्या धुण्यानंतर काच गार असते. मी दार उघडलं आणि स्वेटर बाहेर काढला. आठ महिन्यांच्या बाळाला तो बसला असता, बाळ अशक्त असतं तर. हात आखडून वीतभर झाले होते. मी तो मशीनवर ठेवला. तो आपल्या पायांवर उभा राहिला.

दोघंही त्याच्याकडे बघत होतो. मी मनात सगळं तपासलं. आकडा बरोबर होता, साबण बरोबर होता. पण समोर स्वेटर उभा होता आणि घरात दुसरा मिस्त्री नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

मी हे पूर्वी कधी बोललो होतो असं मला आठवत नाही. तोंडात शब्द परके वाटले, नव्या कवळीसारखे. मग खुर्ची ओढली, कपाटावरची बॅग काढायला वर चढलो.

"बाबा, खाली उतरा."

"ठरलं होतं ना. चकार शब्द काढणार नाही."

"खाली उतरा म्हणते ना! मी फिरवलं बटण."

मी खुर्चीवरच राहिलो. "काय?"

"तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा. तुम्ही पाचवर लावलं होतंत. मी दाबून बंद केलं, गुलाबी ठिपक्यावर आणलं आणि पुन्हा ओढलं."

"गुलाबी म्हणजे एक. एक म्हणजे उकळी. का?"

"तुम्ही पास व्हावं म्हणून!" ती ओरडली. मग खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली. "पाचवर उकळी फुटायची हो या मशीनमध्ये. बावीस वर्षं. तुम्ही ते बटण उलटं बसवलं होतंत. पूर्ण उलटं, अर्धा फेरा. एकवर लावलं की लोकर, पाचवर लावलं की उकळी. आईला तिसऱ्याच दिवशी कळलं. माझ्या शाळेच्या स्वेटरचा बोळा झाला तेव्हा. मग तिने ठिपके लावले. गुलाबी लोकरीचा, लाल पांढऱ्या कपड्यांचा. मलाही तसंच शिकवलं. मला काय माहीत तुम्ही आता ते सुलटं केलंय!"

मी खुर्चीवरून उतरलो.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होती. पण त्याच आठवड्यात तिने तुम्हाला सांगितलं होतं की भिंतीवरचं घड्याळ तिरकं लागलंय. आठवतं?"

"नाही."

"चार दिवस बोलला नव्हतात. जेवताना मीठ हवं असलं तर भांड्याकडे बघून मीठ म्हणायचात. मग आई म्हणाली, एका घड्याळाला चार दिवस, तर बटणाला किती होतील? त्यापेक्षा नेलपॉलिश बरं."

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मावशीला. शेजारी सगळ्यांना. नवऱ्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं."

"आणि तुझ्या सासूबाईंना?"

ती छताकडे बघायला लागली.

माझी कानशिलं तापली. जबडा आपोआप मिटला. ते मला चांगलं ओळखीचं होतं. आधी जबडा मिटतो, मग पाय गॅलरीकडे वळतात, मग चार दिवस जातात. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली एक माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता. आठवड्यातून तीन धुणी धरली तरी बावीस वर्षांत तीन हजारांवर होतात. तीन हजार वेळा तिने ते बटण हातात धरलं आणि तीन हजार वेळा तिला आठवलं असणार की नवरा गाढव आहे. आणि मग बाहेर येऊन मला विचारलं असणार, चहा घेणार का.

मी अबोला धरायचा प्रयत्न केला. पण जिच्याशी धरायचा ती नव्हती. मुलीशी धरावा तर तिने सांगितलं होतं, आणि न सांगणाऱ्याला शिक्षा करायची सोडून सांगणाऱ्याला कशी करणार? सगळाच घोळ झाला. मी आत आलो.

"नऊ मिनिटं," मुलगी म्हणाली. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"ते अजून तिरकं आहे?"

"आहे."

मी ते सरळ केलं. ती मान हलवत म्हणाली, "बाबा, मला तुमच्या शर्टाची काळजी नव्हती. इथे एकटे राहाल, काहीतरी बिघडेल, तब्येतीचं, कशाचंही, आणि तुम्हाला सांगायची कोणाची छाती होणार नाही. आई निदान ठिपके लावत होती. मी फोनवरून ठिपके कसे लावू?"

"मग सांग आता."

"काय?"

"अजून काय काय उलटं बसवलंय ते."

"सगळं?"

"जेवणाला दीड तास आहे."

तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं आणि सुरुवात केली. ओट्याखालचं दार भिंतीवर आपटतं, आई गुडघ्याने अडवायची. बाथरूममधली खुंटी इतकी वर ठोकली आहे की आईला टॉवेलसाठी उडी मारावी लागायची. दारावरची घंटा दाबली की बारीक झटका बसतो, म्हणून पाहुणे टकटक करतात. मला वाटायचं, आमच्याकडे येणारी माणसं सभ्य आहेत. मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि ओट्याखालच्या दारापासून लागलो. ती स्टुलावर बसून बोलत होती.

बोलता बोलता ती थांबली.

"हं, पुढे?" मी म्हणालो.

"हॉस्पिटलातलं आहे."

"सांग."

"शेवटच्या आठवड्यात आईला बोलायचं होतं. तिने सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, काही होत नाही तुला, गप्प पड. दर वेळी. मग तिने सोडून दिलं."

बिजागरी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली. हे मला आठवत होतं. मी ते तिला धीर द्यायला म्हणतो असं मला तेव्हा वाटत होतं. धीर मलाच हवा होता.

"काय बोलायचं होतं तिला?"

"मला सांगितलं तिने. तुम्ही चहा आणायला गेलात की."

"माझ्याबद्दल?"

"बरंचसं. शिव्या जास्त."

"मग शिव्यांपासून सुरू कर."

तिने सांगितलं. तासभर लागला. त्यातलं बाकी मी इथे लिहिणार नाही. मधल्या एका शिवीला आम्ही दोघंही इतके हसलो की खालची बाई पुन्हा वर आली, आणि पुन्हा सहजच आली होती.

जेवण झाल्यावर मुलगी निघाली. बॅग कपाटावरच होती. तिने तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. खुंटी खाली आलेली दिसली पाहिजे. आणि काही सांगितलं तर दहा मिनिटांच्या आत गॅलरीतून परत यायचं."

"येईन."

मग तिने तो एवढासा स्वेटर पिशवीत टाकला आणि दारात घुटमळली. "घरी काय सांगू? मशीन बिघडलं म्हणते."

"मशीन अजिबात बिघडलेलं नाही," मी म्हणालो. "बाबांनी चुकीचं बटण लावलं म्हणून सांग."

"पण लावलं मी."

"असू दे. तुला सासूबाईंबरोबर राहायचंय. मला नाही."